गड्डा नंबर सत्तावीस

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला त्याच दिवशी हापिसात नोटीस लागली. उन्हानं अन् सरकारनं एकच मुहूर्त काढला होता.

नोटीस अशी होती, की झाडांच्या रोपणीवर रोजानं काम करणाऱ्या मजुरांना पक्कं करायचं ठरलं आहे. नऊ दिवसांत फारम भरा, पुरावे जोडा. ज्याचे पुरावे बसतील तो पक्का. ज्याचे बसणार नाहीत, तो दुसऱ्या दिवसापासून ठेकेदाराचा.

दयाराम खोब्रागडेनं ती नोटीस तीनदा वाचली. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, दुसऱ्यांदा मेट बाबारावचा चष्मा लावून, अन् तिसऱ्यांदा चष्मा परत केल्यावर, नुसती पाहत.

"काय म्हणते?" बाबारावनं विचारलं. बाबाराव मजुरांवरचा मेट. तीस वर्षं मेट राहून तो स्वतःही कच्चाच होता, पण त्याला रिटायर व्हायला दोन महिने राहिले होते, म्हणून त्याला कशाचीच घाई नव्हती.

"म्हणते, हायस्कूल सोडल्यापासून आजपर्यंत काय काय काम केलं ते लिहून द्या."

"कोणाले पडली आहे बे तेवढी?"

"सरकारले."

"मंग आजारी असन सरकार," बाबाराव म्हणाला, अन् टँकरच्या सावलीत जाऊन लेटला.

दयारामचं घर रायपूरच्या कडेला बीरगांवात, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. दीड खोली अन् वर टीन. बाप भंडाऱ्याहून रेल्वेत खलाशी होऊन आला होता. त्यानं ही दीड खोली बांधली, तेव्हा गल्लीतली धूळ पिवळी होती. आता काळी होती. सकाळी वाळत घातलेलं पांढरं बनियान दुपारी काढलं, तर शेजाऱ्याचं वाटायचं.

संध्याकाळी चहा झाल्यावर तो फारम घेऊन पोरीपुढं बसला. सोनियाची बारावी याच वर्षी झाली होती. घरात मराठी समजायची सगळी, पण उत्तर हिंदीतच निघायचं.

"पापा, शुरू से बोलो. हाईस्कूल कब छोड़ा?"

"म्या नाही सोडलं. त्यायनंच सोडलं मले."

"साल बोलो ना."

"दोन हजार."

ती लिहीत गेली अन् दयाराम सांगत गेला. तेवीस वर्षांत त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्याला काय सांगावं अन् काय नाही, तेच समजत नव्हतं. दहावीत गणित गेलं. मग सप्लीमेंटरी दिली. परीक्षा दिली एका राज्यात, अन् मार्कशीट घ्यायला गेला तर राज्य बदललेलं. शाळेच्या दाराला कुलूप, रस्त्यावर फटाके. चपराशी म्हणाला, नव्या राज्याचा नवा कागद येईन, तोपर्यंत थांब. दयाराम थांबला. तो अजूनही थांबूनच होता, पण हे फारमात लिहायला खाना नव्हता.

"फिर?"

"मंग ढलाईच्या कारखान्यात. लोखंड ओताचं काम. दोन वर्षं."

"प्रूफ?"

दयारामनं उजवा हात पुढं केला. करंगळी मधल्या पेराशी वाकून बाहेर गेलेली, जशी गावाबाहेरची पायवाट. साचा पडला होता तिच्यावर. मालीश करणाऱ्या एका बाईनं ती बसवली, अन् तिनं ती अशी बसवली की पुन्हा कधी उठली नाही. ठेकेदार म्हणाला होता, सर्वांत लहान बोट आहे, त्याच्यावाचून कोणतं काम अडून राहते?

"ये नहीं चलेगा पापा. कागज चाहिए."

"कागदावर कुठी साचा पडते?"

चुलीपाशी बसलेली भावना, त्याची बायको, पहिल्यांदा बोलली. "पुढचं सांगा. बोट साऱ्याइनं पाह्यलं."

पुढचं म्हणजे दयारामच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम. नवी राजधानी मोजायची होती. दुर्बिणीवाला एकीकडं उभा राहायचा, अन् लाल-पांढरी पट्टी धरून दयाराम दुसरीकडं. धानाच्या बांधीत, चिखलात, नाल्यात, एक वर्ष तो नुसता उभा होता. राजधानी नव्हती, तिथं दयाराम होता. एका गावात लोकांना वाटलं हाच जमीन घ्यायला आलेला साहेब. त्यांनी काठ्या काढल्या. दयाराम पट्टी घेऊन पळाला, अन् दुर्बिणीवाल्यानं सवयीनं त्या पळत्या पट्टीचाही आकडा लिहून घेतला. आज तिथं सहापदरी रस्त्याला एक वळण आहे. येणारे-जाणारे म्हणतात, काय डिझाईन आहे.

"वो मोड़ आपकी वजह से है?" सोनियाचं लिहिणं थांबलं.

"मंग कोणामुळं? तिथी ना नाला, ना टेकडी."

सोनिया हसली. मग त्या खान्यात तिनं लिहिलं, सर्वे कार्य, एक वर्ष, प्रमाण नहीं.

दोन हजार चारपासून रोपणी. तो खाना भरायला एक ओळ पुरली. कामच तसं होतं. शहरातून राजधानीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गड्डे खोदायचे, रोपं लावायची, पाणी द्यायचं. खोदलं ते पहिल्याच वर्षी. दरसाल नवा गड्डा कोण खोदते? आषाढात मोठे लोक यायचे, गड्ड्यात रोप लागायचं, फोटो निघायचा. दिवाळीपर्यंत बकऱ्या अर्धं खायच्या, मार्चात ऊन उरलेलं खायचं. पुढच्या आषाढात बोर्डावरचं साल पुसून नवं साल टाकायचं अन् त्याच गड्ड्यात नवं रोप. बाबाराव म्हणायचा, "आपल्या खात्यात गड्डा पक्का असते, रोपच कच्चं." अन् मजुरांकडं पाहून हसायचा.

पुरावा मात्र या कामाचा होता. पत्र्याच्या पेटीत, भावनाच्या लग्नातल्या साडीखाली, पेपरातली कात्रणं होती. एकोणीस वर्षांची, वर्षाला एक. प्रत्येक कात्रणात मध्ये एखादा हार घातलेला मोठा माणूस, आजूबाजूला त्याचे लोक, सगळे कॅमेऱ्याकडं पाहून हसत आहेत, अन् रोप सरळ धरायला मागून आलेला एक हात. नुसता हात. मनगटापासून पुढं. करंगळी वाकडी.

सोनियानं ती कात्रणं पहिल्यांदाच पाहिली. एकेक करून तिनं ती जमिनीवर मांडली. माणसं बदलत गेली, हार मोठे होत गेले, रोपं बदलत गेली. हात तोच.

"पापा, आप किसी में नहीं हो."

"आहो ना. हे काय."

दुसरा अन् तिसरा दिवस कारखाना शोधण्यात गेला. भावनानं लू लागू नये म्हणून त्याच्या शर्टाच्या खिशात कांदा टाकला होता. तो कांदा घेऊन दयाराम उरल्याच्या कारखान्यांच्या रस्त्यानं फिरला. ज्या कारखान्यात बोट गेलं, त्याचं नाव तीनदा बदललेलं निघालं. शेवटच्या नावाच्या गेटवर चौकीदार होता. तो म्हणाला, आत काही नाही, मशीन विकल्या, मी गेट सांभाळतो. दयारामनं विचारलं, कोणापासून? चौकीदारानं गेटकडं वळून पाहिलं अन् त्याला पाणी पाजलं.

चौथ्या दिवशी तो कात्रणं घेऊन हापिसात गेला. टेबलावर शेखर होता.

शेखर म्हणजे तात्यापाऱ्याचा, जुन्या मराठी मोहल्ल्यातला शेखर. हायस्कूलात दयारामच्याच बेंचावर बसायचा. दोघं सोबतच गणितात गेले होते, एकाच पेपरात, एकमेकांचं पाहून. मग शेखरचा बाप नोकरीत असताना वारला अन् त्याचं टेबल पोराला भेटलं. दयारामचा बाप रिटायर झाल्यावर वारला. वेळ चुकला म्हातारा, अन् पोराचं सारं पुढं ढकललं गेलं.

हापिसात दयाराम त्याला शेखरबाबू म्हणायचा, तुम्ही म्हणायचा. शेखर त्याला दया म्हणायचा.

"दया, हे काय आणलं तू?"

"पुरावे."

शेखरनं कात्रणं उलटी-सुलटी केली. "अरे, हे त सारे मोठे लोक आहेत."

"हात पाहा."

शेखरनं पाहिला. एक पाहिला, दोन पाहिले, मग चष्मा वर करून साऱ्या कात्रणांतले हात पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरून काही तरी सरकलं. "तुह्यावाला आहे?"

"करंगळी पाहा."

"हात कोणाचाही असू शकते, दया. वाकड्या करंगळ्या काय कमी आहेत रायपुरात?"

दयारामनं हात टेबलावर ठेवला. फाईलीशेजारी, शिक्क्याच्या पॅडशेजारी. आजूबाजूचे दोन बाबू उठून पाहायला आले. एकानं कात्रण हाताशेजारी धरलं. दुसरा म्हणाला, सेम टू सेम. पहिला म्हणाला, इसको हिलाओ जरा. दयारामनं हलवली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सारं हापिस पाहून गेलं. चहावाल्यानंही पाहिली, अन् तो म्हणाला, भैया, पानी से बचा के रखो इसको, ठीक हो जाएगी.

शेवटी साहेबानं बोलावलं. साहेब नवा होता, दिल्लीकडचा, अन् त्याला काम करायची सवय होती. त्यानं दहा मिनिटं मन लावून पाहिलं अन् म्हणाला, "ठीक है. पहचान चिन्ह, टेढ़ी उँगली. फाइल में लिख लो." शेखरनं लिहून घेतलं. दयारामला वाटलं, झालं. तेवीस वर्षांत सरकारनं त्याची पहिल्यांदा नोंद घेतली होती, अन् तीही बोटापासून सुरुवात करून. पण सुरुवात तर होती.

"लेकिन," साहेब म्हणाला, "ये तो फोटो हुआ. काम कहाँ है? उन्नीस साल में जो लगाया, उसमें से कुछ जीवित दिखाओ."

दयाराम अन् शेखरनं एकमेकांकडं पाहिलं. सबंध रस्त्यावर दयारामच्या हातचं एकच झाड जिवंत होतं.

ते गड्डा नंबर सत्तावीसमध्ये होतं.

त्याची गोष्ट अशी, की पहिल्या वर्षी खात्यानं बाहेरदेशातले शोभेचे ताड मागवले होते. चाळीस ताड, चाळीस गड्डे. आठ दिवसांत सत्तावीस नंबरचा ताड वाळला, अन् दुसऱ्या दिवशी पाहणी होती. त्याच हप्त्यात सोनिया झालेली. विहाराच्या भिंतीत पिंपळाचं रोप उगवलं होतं, भिंत फुटेल म्हणून ते काढायचं होतं, पण बोधीचं झाड, फेकायचं कसं? दयारामनं ते मुळासकट काढलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं, अन् सकाळी रिकाम्या गड्ड्यात लावून टाकलं. पाहणीवाल्यांनी गाडीतूनच पाहिलं. हिरवं दिसलं, पुढं गेले.

बाकीचे एकोणचाळीस ताड दिवाळीपर्यंत मेले. पिंपळ वाढला. त्याला कोणी पाणी दिलं नाही, म्हणजे सरकारी पाणी दिलं नाही. दयाराम टँकर धुतलेलं पाणी त्याला टाकायचा. आता त्याच्या बुंध्याला दोन हातांची मिठी पुरत नव्हती. त्याच्या सावलीत मीराबाईचं चहाचं टपरं होतं. तिनं बुडाशी एक गोटा ठेवून त्याला शेंदूर लावला होता. शनिवारी बाया सूत गुंडाळायच्या. दयाराम पाहायचा अन् काही म्हणायचा नाही. भगवंताच्या झाडाखाली मारुतीनं चहाची गाडी टाकली, तर त्याला काय हरकत? सावली तर सगळ्यांवरच पडून राहिली होती.

सहाव्या दिवशी पाहणी झाली. बाराचं ऊन. डांबर चपलेला चिकटत होतं. साहेबानं डोक्यावर ओला रुमाल टाकला होता, शेखरच्या काखेत रजिस्टर होतं. पिंपळाखाली आल्यावर साहेबानं वर पाहिलं, अन् तो खरोखर खूश झाला. "वाह. ये तुमने लगाया?"

"हव, साब."

"शेखर, एंट्री देखो."

शेखरनं रजिस्टर उघडलं. पान पालटलं. पुन्हा मागं आला. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला तो कागदावर पडला.

"सर, गड्डा नंबर सत्ताईस. ताड. जीवित."

"कहाँ है ताड़?"

"ते मेलं साब," दयाराम म्हणाला, "पहिल्याच वर्षी. मंग म्या हे..."

शेखरनं रजिस्टराआडून त्याच्या पायावर पाय दिला. पण आता उशीर झाला होता. साहेबानं रजिस्टर स्वतःच्या हातात घेतलं. एकोणीस वर्षं, दर सहा महिन्यांनी एक शेरा. ताड जीवित. ताड जीवित. ताड की स्थिति उत्तम. खाली अडतीस सह्या. शेवटच्या चार सह्या शेखरच्या होत्या. त्याच्या आधीच्यांतल्या काही आता फार वरच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. साहेबानं एकेका सहीवर बोट ठेवलं, अन् एका सहीवर त्याचं बोट थांबलं. त्यानं रजिस्टर मिटलं.

"ऑडिट कब है?"

"नऊ दिवसानं, सर."

साहेबानं झाडाकडं पाहिलं. आताची नजर वेगळी होती. पाहुणा समजून चहा पाजला अन् मग समजलं की हा तर वसुलीवाला, तशी. "ये तो अनधिकृत पेड़ है," तो म्हणाला, अन् गाडीत बसला.

गाडी गेल्यावर शेखर तिथंच उभा राहून फोन करत राहिला. तो पहिल्यांदाच दयारामशी हापिसातल्यासारखं बोलला नाही.

"दया, बस इथी."

दोघं मीराबाईच्या बाकावर बसले. तिनं चहा दिला.

"झाड काढा लागन," शेखर म्हणाला. "तिथी ताड लावा लागन. रजिस्टरात जो आहे तो. मी सांगतो साहेबाले, ताड लावणारा दयाराम. तुही फाईल मी स्वतः नेतो."

"मंग काढा. मले काय सांगता?"

"मजूर तयार नाही. पीपल म्हणतात, शनिवार म्हणतात. आता आरा-मशीनवाल्याले फोन केला त तो म्हणे, लेकराबाळाचा माणूस आहो." शेखरनं चहा खाली ठेवला. "तुले त चालते ना बे. तुमच्यात त पीपलाचं काही नसते."

दयारामनं त्याच्याकडं पाहिलं. चार वर्षं एका बेंचावर बसलेला माणूस. बुद्धजयंतीची सुट्टी दर वर्षी घेणारा.

"नाही," दयाराम म्हणाला. "काहीच नसते."

सातव्या दिवशी तो कामावर गेला नाही. खाटेवर पडून राहिला. टीन तापून वरून कडकड आवाज करत होता. भावनानं जमिनीवर पाणी शिंपडलं, ते दोन मिनिटांत उडून गेलं.

"काहून पडून राहिले?" ती म्हणाली.

त्यानं सांगितलं.

भावना तांदूळ निवडत होती. निवडणं थांबलं नाही. "भगवंत झाडाखाली बसले किती दिवस?"

"काय माहीत. सात हप्ते म्हणतात."

"मंग उठले ना? उठले अन् कामाले लागले. झाडाले धरून नाही बसले." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "तुम्ही एकोणीस वर्षं बसले. आता उठा. ठेकेदाराकडं गेले त पोट्टीचं कॉलेज होणं नाही. मंग तिलेही कोणी विचारन एक दिवस, हायस्कूल सोडल्यापासून काय केलं म्हून."

सोनिया दारात उभी होती. तिनं आत येऊन निवडलेला तांदूळ धुवायला घेतला.

आठव्या दिवशी दयाराम सकाळीच निघाला. भावनानं डब्यात बासी भात अन् मीठ दिलं, खिशात कांदा टाकला.

गड्डा नंबर सत्तावीसपाशी बाबाराव, सहा मजूर, मशीनवाला, जेसीबीवाला, अशी सारी मंडळी आधीच जमली होती अन् दहा पावलं लांब उभी होती. मीराबाईनं टपरं उचललं होतं. ती दयारामपुढं येऊन उभी राहिली.

"काबर काटत हस, भैया? तैंच लगाए रहे न?"

"हव दीदी, म्याच लावलं. म्हून मलेच सांगतलं."

तिनं बुडाशी वाकून शेंदराचा गोटा उचलला, पदरात घेतला, अन् पुढच्या विजेच्या खांबापाशी नेऊन ठेवला. दोन फुलं वाहिली. "खंभा ला नइ काटय," ती म्हणाली. कोणी हसलं नाही, कारण खांब कोणी तोडत नाही, हे खरं होतं.

मशीनवाल्यानं आरा सुरू करून दिला. "मैं चालू कर देता हूँ," तो म्हणाला, "पाप आपका." अन् पळत दहा पावलं मागं गेला. तिथून त्यानं हातवारे करून सांगितलं, कसं धरायचं, कुठं दाबायचं. मशीन दयारामच्या हातात एखाद्या धरलेल्या डुकरासारखी थरथरत होती. करंगळी मुठीत बसत नव्हती, बाहेरच राहत होती. त्यानं चपला काढल्या, बाजूला ठेवल्या. तापलेल्या मातीवर पाय भाजले. मनात काही तरी म्हणावं असं वाटलं, पण मशीनच्या आवाजात त्याला स्वतःचंच मन ऐकू आलं नाही.

दोन तास लागले. पिंपळातून पांढरा चीक गळत होता, तो त्याच्या हातावर चिकटला, त्यावर भुसा चिकटला. वरून पक्षी उठले अन् कुठं बसावं ते न समजून वरच फिरत राहिले. झाड पडलं तेव्हा मजुरांनी हात जोडले. मग बाबाराव म्हणाला, "आता झाड नाही राहिलं, लाकूड झालं," अन् ते म्हटल्याबरोबर सारे जण कुऱ्हाडी घेऊन धावले. जेसीबीवाल्यानंही बुड उपटून दिलं.

अन् मग सर्वांना एकदमच कळलं की सावली नाही. मजूर डबे घेऊन इकडून तिकडं फिरले, शेवटी टँकरखाली घुसले. दयारामला तिथं जागा उरली नाही. तो उपटलेल्या गड्ड्याच्या काठावर उन्हातच बासी जेवला.

नवव्या दिवशी ताड आला. ट्रकमध्ये आडवा, गोणपाटात पाय बांधलेला, दवाखान्यातून आणल्यासारखा. दयारामनं तो गड्ड्यात उतरवला, माती ओढली, दाबली, पाणी दिलं. शेखर मोबाईल घेऊन आला होता. या वेळेस मोठा माणूस नव्हता. हार नव्हता. फोटो सरकारी ॲपवर चढवायचा होता, अन् ॲपला मजुराचा चेहरा पाहिजे होता.

"दया, समोर ये. ताड धरून उभा राह्य."

दयाराम समोर आला. एकोणीस वर्षं तो मागून हात घालत आला होता, त्याला समोर कसं उभं राहावं तेच जमेना. एकदा फार जवळ आला, एकदा डोळे मिटले. तिसऱ्यांदा जमलं. शेखरनं बटण दाबलं, फोटो चढला, हिरवी खूण आली.

"पाहू?" दयाराम म्हणाला.

दोघांनी पाहिलं. मध्ये दयाराम. पूर्ण दयाराम, डोक्यापासून अनवाणी पायापर्यंत. खिशातला कांदा सुद्धा स्पष्ट दिसत होता.

"चांगला आला," शेखर म्हणाला. अन् त्यानं ते मनापासून म्हटलं.

दुपारी चार वाजता फाईल पक्कं करणाऱ्या समितीपुढं गेली. पाच वाजता शेखर बाहेर आला. दयाराम व्हरांड्यात, पाण्याच्या कोरड्या माठाशेजारी उभा होता. शेखर त्याच्याकडं न पाहता माठाकडं पाहत बोलला.

"फोटोत बोट नाही आलं."

"कोणतं बोट?"

"अरे, तुही ओळख काय लिहिली फाईलीत? वाकडी करंगळी. जुन्या साऱ्या फोटोत करंगळी आहे, चेहरा नाही. कालपर्यंत ठीक होतं. आता ह्या फोटोत चेहरा आहे अन् हात ताडाच्या मागं गेला. समिती म्हणते, हातवाला माणूस अन् चेहऱ्यावाला माणूस एकच, हे कशावरून?"

दयारामनं हात वर केला. चीक अजून निघाला नव्हता, काळा पडला होता. "हा काय. मी इथी उभा आहो. बोलाव त्यायले."

"मी म्हटलं. म्हणे, माणूस नाही लागत, फोटो लागते."

"मंग दुसरा काढ."

"एका गड्ड्याचा एकच फोटो चढते, दया. दुसरा टाकला त ॲप डुप्लीकेट म्हणते."

व्हरांड्यातून गरम वारा गेला, कागद फडफडले. दयाराम हळूच म्हणाला, "पिंपळ असता त..."

"पिंपळ त नव्हताच," शेखर म्हणाला. "रजिस्टर पाह्यलं ना तू?" मग त्याला स्वतःलाच ते ऐकवलं नाही. त्यानं खिशातून एक कागद काढला. "इतकं मात्र मी करून आणलं. भांडून आणलं. अनुभव प्रमाणपत्र. सही-शिक्का पक्का आहे. जेवढं सिद्ध झालं तेवढं देलं त्यायनं."

दयारामनं वाचलं. नाव बरोबर होतं. बापाचं नाव बरोबर होतं. कार्य, ताड रोपण. कार्य की अवधि, एक दिवस.

सोनियानं ते च्वाइस सेंटर या कागदपत्रांच्या दुकानावर नेऊन लॅमिनेट करून आणलं. दयारामच्या कामाचा घरात आलेला तो पहिला सरकारी कागद होता, त्याला काळी धूळ लागू द्यायची नव्हती. भावनानं तो पत्र्याच्या पेटीत, कात्रणांवर ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, काढून दयारामच्या खिशात दिला. "ठेकेदाराले दाखवजा," ती म्हणाली. "काही नाही त काही." सोनियाच्या कॉलेजचा फारम शेल्फावर पडून होता. त्याच्यावर काळी धूळ बसत गेली.

ताड आठ दिवस टिकला. ऑडिटवाले आले तेव्हा तो पिवळा होता, पण उभा होता. त्यांनी गाडीतूनच पाहिलं. त्यांच्या मागं दोन दिवसांनी तो एका बाजूला कलला, अन् मीराबाईच्या गाईनं त्याचं काय करायचं ते करून टाकलं.

सोमवारी ठेकेदाराचा नवा सुपरवायझर आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड. त्यानं रांगेतल्या मजुरांना एकेक गड्डा वाटून दिला. दयारामच्या वाट्याला सत्तावीस आला. गड्ड्यात पिंपळाच्या मुळ्या तुटून राहिल्या होत्या, मनगटाएवढ्या, चारी बाजूंनी मातीत शिरलेल्या. त्या लोखंडी सब्बलीनं तोडल्याशिवाय नवं रोप मूळ धरणार नव्हतं.

दयाराम आत उतरला. कमरेपर्यंत गेला. सुपरवायझर काठावर येऊन वाकला.

"काका, ये काम पहले किए हो?"

दयारामनं सब्बल भिंतीला टेकवली, हात शर्टाला पुसला. खिशातल्या कांद्यामागून प्रमाणपत्र काढलं अन् वर धरलं.

"हव साब," तो म्हणाला. "एक दिन."

सुपरवायझरनं कागद वाचला, मागून-पुढून पाहिला अन् परत दिला. चांगल्या घरचा माणूस होता. धीर देऊन म्हणाला, "कोई बात नहीं. धीरे-धीरे सीख जाओगे."